पाण्याची खोती

महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला आपले बापजादे ओंजळीने प्याले, हे चळवळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण त्यानंतर दहा वर्षं कोर्टात काय चाललं होतं, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. सवर्ण फिर्यादींनी विटाळाचं रडगाणं गायलंच. पण कायद्यात टिकावा म्हणून त्यांनी पुढे केलेला मुद्दा होता मालकीचा. हे तळं सार्वजनिक नाही, ते चौधरी तळं आहे, स्पृश्य हिंदूंचं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असा तो दावा. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात तो पडला. तळं नगरपालिकेचं ठरलं. वहिवाट शाबीत झाली नाही.

म्हणजे पाण्यावरच्या जुलमाला दोन तोंडं आहेत. एक विटाळाचं, एक मालकीचं. पहिलं तोंड आपण अंधारातही ओळखतो. दुसऱ्याशी आपली ओळख कमी, म्हणून मी आज त्याबद्दल लिहितो. आणि जे पाणी प्यायचं नसतं, ज्यातून भाकर काढायची असते, त्या पाण्याबद्दल लिहितो. म्हणजे नदीतल्या माशाबद्दल. 'मासे वाचवा' ही बंगल्यात राहणाऱ्या पर्यावरणवाल्यांची गोष्ट, आपला काय संबंध, असं काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी हा इतिहास एकदा वाचावा, मग बोलावं.

हायकोर्टाचा निकाल लागला त्याच १९३७ साली, १७ सप्टेंबरला, बाबासाहेबांनी मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातली कुळं मुंबईत मोर्चानं आली. खोत कोण? सरकार आणि कसणारा यांच्या मधोमध बसलेला माणूस. नांगर धरत नाही, पेरत नाही, कापत नाही. पण धान्याच्या राशीवर पहिला हात त्याचा. १९४९ च्या कायद्याने ती खोती गेली. ती जमिनीची. पाण्याची खोती मात्र आपल्या देशात १९९१ पर्यंत उघड नांदत होती, आणि तीही गंगेवर. जिच्यात बुडी मारली की पाप धुतलं जातं म्हणतात, त्याच गंगेवर.

बिहारात भागलपूर जिल्हा आहे. तिथे सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर गंगा दोन जमीनदार घराण्यांच्या मालकीची होती. नदीकाठची जमीन नव्हे, वाहतं पाणी मालकीचं! तिकडे याला पाणीदारी म्हणत. जाळं टाकायचं तर जमीनदाराला कर द्यायचा. जमीनदार स्वतः घाटावर येत नसे. तो ठेका देई, ठेकेदार पोटठेका देई, आणि शेवटी घाटावर लाठीवाले उभे. मल्लाह, बिंद, गोंढी, केवट या जाती रात्रभर पाण्यात राबायच्या आणि पहाटे नाव काठाला लागली की मासळीची वाटणी दुसरेच करायचे. कर चुकला की जाळं जप्त, नाव जप्त. आणि हे सगळं कायद्याच्या कागदावर.

तो कागद कुठून आला? १७९३ साली कॉर्नवॉलिसने बंगाल-बिहारात कायमधारा पद्धत आणली. जमीनदाराच्या पदरात जमिनीबरोबर जलकरही पडला, म्हणजे पाण्यावरचं उत्पन्न. पण मासा बिचारा सातबारा वाचत नाही. तो आज एकाच्या हद्दीत, उद्या दुसऱ्याच्या. कोर्टात प्रश्न निघाला की वाहत्या नदीतला मासा धरला तर ती चोरी होते का. कोर्टाने सांगितलं, धरला जाईपर्यंत असा मासा कुणाच्याच ताब्यात नसतो, मग चोरी कशी? एवढं साधं शहाणपण जमीनदारांना परवडणारं नव्हतं. १८८९ साली बंगालमध्ये खाजगी मच्छीमारी संरक्षणाचा कायदा झाला. नदीच्या माशाला मालक मिळाला आणि नदीचं पोर गुन्हेगार झालं.

मासा कमी होतोय हेही इंग्रजाला कळलं होतं. फ्रान्सिस डे नावाच्या अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या माशांवर मोठा अहवाल लिहिला. पिल्लं बेसुमार मारली जातात, नद्यांवरचे बंधारे माशांची वाट अडवतात, हे त्यात तेव्हाच आहे. मग १८९७ चा फिशरीज कायदा आला. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारले तर दोन महिने कैद किंवा २०० रुपये दंड. ठीक आहे, सुरुंग वाईटच. पण बघा, मच्छीमाराच्या हातातला सुरुंग कायद्याला दिसला; नदीच्या छाताडावर बसलेला मालक दिसला नाही. तेव्हापासून आजतागायत मासा वाचवायचा म्हटलं की पहिला दंड गरिबाच्या जाळ्यालाच होतो.

१९५० साली बिहारात जमीनदारी नष्ट करण्याचा कायदा झाला. पण कायद्यात वाहतं पाणी येतं की नाही यावर कोर्टकज्जे करत पाणीदारी तगून राहिली. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, आणि गंगेत जाळं टाकायला जमीनदाराची चिठ्ठी लागतच राहिली.

२२ फेब्रुवारी १९८२ ला कहलगावच्या कागजी टोल्यात मच्छीमारांनी गंगा मुक्ती आंदोलन सुरू केलं. त्यांच्या बरोबर छात्र युवा संघर्ष वाहिनीची पोरं होती. ही तीच वाहिनी, जिने १९७८ पासून बोधगयेत महंताच्या जमिनीविरुद्ध भूमिहीनांचा लढा चालवला. त्या बोधगयेत, जिथे आपला बुद्ध बोधीला पोचला आणि जिथे पुढे महंताने हजारो एकर गिळले. एकाच वाहिनीने एकीकडे मठाची जमीन सोडवली, दुसरीकडे जमीनदाराचं पाणी.

या आंदोलनाने फक्त करबंदीची भाषा केली नाही. जातिभेद मोडायचा, दारू सोडायची, बायांना बरोबरीचा वाटा द्यायचा, हेही त्यांनी आपल्या कामात धरलं. आपल्या चळवळीला हे नवं नाही. पण ज्या जातींना पुराणात रामाचे पाय धुणारा केवट आणि अंगठा कापून देणारा निषादपुत्र एकलव्य एवढ्याच दोन जागा मिळाल्या, त्या जातींनी हे म्हणावं, याला मी इतिहास म्हणतो. बाया आघाडीवर होत्या. कर देणं बंद झालं. मार खाल्ला, केसेस अंगावर घेतल्या. १९८७ साली कुरसेलापासून पाटण्यापर्यंत नावांचा मोर्चा निघाला. आपण रस्त्याने मोर्चे काढतो, त्यांनी नदीनेच राजधानी गाठली. आणि १९९१ साली बिहार सरकारला मान्य करावं लागलं: पाणीदारी संपली, पारंपरिक मच्छीमारांना बिहारच्या गंगेत कर माफ.

इथे गोष्ट संपवली तर टाळ्या पडतील. पण मी टाळ्यांसाठी लिहीत नाही. खरा सवाल इथून पुढे आहे. पाणी सुटलं, पण पाण्यात मासा किती राहिला होता?

हिलसा नावाचा मासा आहे. कोकणात त्याला पाला म्हणतात. तो वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला गोड्या पाण्यात येतो. पावसाळ्यात समुद्रातून नदीच्या धारेविरुद्ध शेकडो कोस चढतो. पूर्वी तो बंगालच्या उपसागरातून निघून अलाहाबादपर्यंत, त्याच्याही वर यमुनेत आग्र्यापर्यंत पोचायचा. बिहारच्या मल्लाहाचा पावसाळा त्याच्यावर निघायचा. २१ एप्रिल १९७५ ला बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात फराक्का बराज सुरू झालं. सव्वादोन किलोमीटर लांब लोखंडी दारांची रांग. कशासाठी? गंगेचं पाणी कालव्याने हुगळीत वळवून कलकत्ता बंदरातला गाळ धुवायला. बंदर व्यापाऱ्यांचं, जहाजं कंपन्यांची. बंगालचे इंजिनियर कपिल भट्टाचार्य यांनी आधीच बजावलं होतं की याने गाळ वर साचेल, मालदा, मुर्शिदाबाद आणि बिहारात पूर वाढतील. त्यांना परक्या देशाचा हस्तक ठरवून गप्प केलं. बराजमध्ये माशांसाठी वाट ठेवली होती म्हणे. कागदावर होती. हिलशाला ती वापरता आली नाही. फराक्काच्या वर हिलसा मिळणं जवळजवळ बंद झालं. खाऱ्या आणि गोड्या पाण्यात ये-जा करणाऱ्या मोठ्या कोळंबीचीही तीच गत झाली.

तारखा शेजारी ठेवून बघा. बराज १९७५. आंदोलन १९८२. मुक्ती १९९१. जमीनदाराशी लढून नदी घेतली तोवर तिचं दार सोळा वर्षांपूर्वीच खालून बंद झालेलं. आंदोलनानेही फराक्काचा सवाल लावून धरला होता, पण जमीनदाराला हटवता येतं, सिमेंटला कोण हटवणार? अलीकडच्या वर्षांत सरकारी शास्त्रज्ञ फराक्काच्या खालचे हिलसा धरून वर नेऊन सोडतात. म्हणजे जे काम मासा फुकट करत होता, ते आता सरकार पैसे खर्चून करतं.

दुसरी गोष्ट बांधांची. रोहू, कटला, मृगळ हे मासे पुरावर जगतात. पाऊस पडला, नदी फुगली, पाणी काठाबाहेर पसरलं की त्या उथळ पाण्यात त्यांची पैदास होते, पिल्लं वाढतात. आपल्या उष्ण देशात नदी म्हणजे फक्त धार नव्हे, पुराचं मैदानही नदीच. १९५० च्या सुमाराला बिहारात पूर अडवणारे मातीचे बांध दीडशे किलोमीटरच्या आसपास होते. १९९० पर्यंत ते ३,४०० किलोमीटरच्या वर गेले. पूर थांबला नाही, हे तिथला माणूस दरसाल बघतो. पण माशाची बाळंतिणीची खोली मात्र बंद झाली.

मग सरकारी आकडे मत्स्योत्पादन वाढलं असं कसं सांगतात? त्याची मेख अशी. १० जुलै १९५७ ला ओरिसात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करून दाखवली. तोवर बोटुकली नदीतून धरून आणावी लागायची. आता ती हौदात होऊ लागली. शोध मोठा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याचा फायदा कुणाला? ज्याच्याकडे तळं खोदायला जमीन आहे त्याला. आज बिहारच्या बाजारात आंध्रातल्या तळ्यांचा रोहू बर्फात घालून येतो आणि गंगाकाठच्या मल्लाहाच्या टोपलीत बोटभर मासळी असते. आकडा वाढतो तळेवाल्याचा, उपाशी राहतो नदीवाला, आणि दोघांची बेरीज एकाच रकान्यात! सरासरीच्या पोटात भुकेला माणूस कसा दडवतात, हे शिकायचं तर असले तक्ते बघावेत.

तिसरी गोष्ट कडू आहे, तरी सांगितली पाहिजे. पाणी मोकळं झालं, पण ते राखणार कोण हे ठरलं नाही. जमीनदार गेला आणि घाटाघाटावर बंदुकवाले गुंड उभे राहिले. कर गेला, हप्ता आला. त्यातच १९९१ साली सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा डॉल्फिनचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. म्हणजे एकाच वर्षी मच्छीमाराला नदी मिळाली आणि वनखात्यालाही मिळाली. आणि माशांची चणचण झाली तशी जाळी बारीक झाली. जाळ्याच्या छिद्राला आस म्हणतात. आस बोटभर असेल तर पिल्लू निसटतं, पुढल्या साली मोठं होऊन येतं. तिथे मच्छरदाणीच्या कापडाने नदी गाळायला लागले. मी मागावर उभा राहणारा माणूस, मला सुताची वीण कळते. मच्छरदाणीच्या विणीतून मच्छर जात नाही, तर माशाचं पिल्लू काय जाईल! पण ते कापड ज्याच्या हातात आहे त्याला नुसता गुन्हेगार म्हणून चालणार नाही. मोठा मासा बराजाने अडवला, पैदास बांधाने बुडवली, हप्ता गुंडाने घेतला. उरलं त्यात घर चालवायचं तर तो उद्याचा मासा आजच खातो.

आता मध्य प्रदेशात चला, कारण हीच गोष्ट तिथे उलट्या बाजूने घडली. नर्मदेला मिळणाऱ्या तवा नदीवर होशंगाबाद जिल्ह्यात १९७० च्या दशकात धरण झालं. ४४ गावं उठली. माणसं बहुतेक गोंड आणि कोरकू. शेतं बुडाली, आणि बुडालेल्या शेतावरच्या पाण्यात मासे धरले तर ते चोर, कारण ठेका बाहेरच्या ठेकेदाराचा. किसान आदिवासी संघटनेने लढून १९९६ च्या अखेरीला जलाशयाचा मच्छीमारीचा ठेका विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला मिळवून दिला. आणि या लोकांनी काय केलं? जून मध्यापासून ऑगस्ट मध्यापर्यंत, माशांच्या पैदाशीच्या दिवसांत, स्वतः मच्छीमारी बंद ठेवली. स्वतः गस्त घातली. बोटुकली विकत आणून सोडली. हिशेब गावागावांच्या सोसायट्यांत उघडा ठेवला. उत्पादन वाढलं, मजुरी वाढली. अडाणी समजलेल्या माणसांनी नियम केला आणि पाळला. तरी २००६ च्या डिसेंबरात ठेक्याची मुदत संपली आणि पुढे वाढवली नाही. जलाशय अभयारण्यात, वाघांच्या राखीव क्षेत्रात येतो, तिथे मच्छीमारी चालत नाही, हे कारण.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझं म्हणणं कळेल. गंगेवर हक्क मिळाला, पण नियम उभा राहिला नाही, मासा गेला. तव्यावर लोकांनी नियम उभा केला, पण हक्क सरकारच्या मर्जीवर होता; माणूस गेला. हक्काशिवाय नियम म्हणजे वेठबिगार. नियमाशिवाय हक्क म्हणजे चार दिवसांची लूट, आणि तीही दांडगटाची. पाणी टिकायचं तर दोन्ही एकाच हातात पाहिजेत, राबणाऱ्याच्या.

कुणी म्हणेल, बाबासाहेब तर धरणांच्या बाजूचे होते. होते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आली. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत त्यांनी नद्यांचं पाणी साठवून ते शेती, वीज, वाहतूक अशा अनेक कामांना लावण्याची बाजू मांडली. पण त्यांचा विचार पाणी लोकांच्या दारिद्र्यावर कसं कामाला येईल याचा होता. ज्या बांधकामात नदीवर जगणाऱ्या माणसाचा हिशेबच धरलेला नाही, त्याला बाबासाहेबांचं नाव चिकटवू नये. आणि धरण झालं म्हणून त्या पाण्याची खोती ठेकेदाराला द्यावी, असंही ते कुठे म्हणाले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो जुनी मालगुजारी तळी आहेत. मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली. ढीवरांच्या सोसायट्या ठेक्याने त्यात मच्छीमारी करतात. पण गाळ साचला, बेशरमची झाडं माजली, बाहेरचं बियाणं सोडून देशी मासा मागे पडला. तरी अर्जुनी-मोरगाव भागात ढीवर बायांच्या गटांनी काही तळ्यांत उतरून बेशरम उपटली आणि माशाला लागणाऱ्या देशी पाणवनस्पती आपल्या हाताने लावल्या.  कुठल्या वनस्पतीच्या बुडाशी कुठला मासा राहतो, हे त्यांना घरातूनच माहीत.

आता आपल्याकडे वळून विचारतो. भोई, ढीवर, कहार आपल्या मोर्चात किती असतात? आपण त्यांच्या किती मोर्चांत असतो? पुष्कळ गावांत ते आपल्याला दूर ठेवतात, हे मला माहीत आहे. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, ते बाबासाहेबांनी सांगूनच ठेवलंय: प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी दिलेलं आहे. पण पाण्याचा ठेका घेणारा आणि गावकीच्या विहिरीवर डोळे वटारणारा पुष्कळदा एकाच वाड्यातला असतो. हे त्यांना कोण सांगणार? आपणच.

म्हणून नुसतं भाषण नको, काम सांगतो. २००६ चा वनहक्क कायदा आहे; ज्या डिसेंबरात तव्याचा ठेका संपला त्याच डिसेंबरात तो संसदेत मंजूर झाला. त्याच्या कलम ३ मध्ये जंगलातल्या पाणवठ्यांच्या माशांवर सामूहिक हक्क लिहिलेला आहे. किती गावांनी मागितला? २००५ चा माहितीचा कायदा आहे. तुमच्या गावच्या तळ्याचा, धरणाचा मच्छीमारीचा ठेका कुणाच्या नावावर आहे, सोसायटीच्या यादीतले सभासद खरे जाळंवाले आहेत की सावकाराच्या घरचे, एक अर्ज टाकून विचारा. पैदाशीच्या महिन्यांत तिथे जाळं पडतं का, आस केवढा आहे, हे जाळंवाल्यांबरोबर बसून ठरवा. त्यांच्यावर पोलीस होऊन नव्हे, त्यांच्या शेजारी बसून.

२० मार्चला आपण दरसाल महाडला जातो. जावंच. पण परत आल्यावर २१ मार्चला आपल्या गावच्या तळ्यावरही जावं आणि बघावं, त्याचा खोत कोण आहे. विटाळ मानणाऱ्याला आपल्या बापजाद्यांनी तळ्यावरून हटवलं. मालक होऊन बसलेला अजून काठावरच आहे.

जयभीम.